जागा कोणाची?

एखादी जागा कोणाची, असे वकिलास विचारले तर तो खरेदीखत पाहील. परंतु ज्या पानगृहात पिढ्यान्‌पिढ्या शेजाऱ्यांनी आपल्या संध्याकाळी घालविल्या, त्याच्या बाबतीत एवढ्या उत्तराने समाधान होईल काय?

इंग्लंडातील ‘पब’ हे ‘पब्लिक हाउस’चे संक्षिप्त रूप, म्हणजे सर्वांसाठी उघडे घर. ओढ केवळ मद्याची असती, तर बाटली घरी नेणे स्वस्त पडते. माणूस तेथे जातो तो हुद्द्याचे ओझे दाराबाहेर ठेवून ओळखीच्या चेहऱ्यांत बसावयास. ही समता निर्भेळ नव्हती, हेही खरे. जुन्या पबांत ‘पब्लिक बार’ व ‘सलून बार’ अशा निरनिराळ्या खोल्या असत आणि सलूनमध्ये तोच पेला महाग पडे.

दक्षिण लंडनच्या नन्हेड भागातील ‘आयव्ही हाउस’ हा असाच एक जुना पब. २०१२ साली तो बंद झाला व इमारत विक्रीस निघाली. रहिवाशांनी ती संरक्षित ठरवून घेतली. अशा विक्रीच्या वेळी स्थानिक लोकांना पैसा उभारण्यास अवधी देणारा कायदा २०११ मध्ये झाला होता. त्याचा आधार घेऊन २०१३ मध्ये त्यांनी जागा विकत घेतली. ३७१ जण भागधारक झाले. नुसत्या हळहळीला हक्काचे रूप आले ते भार उचलल्यावर.

तरी प्रश्न पुरता सुटला नाही. २०१८ साली तेथील नोकरांनीच कामाच्या अनिश्चित तासांविरुद्ध संप केला. बसणारे मालक झाले, तरी उभ्याने पेले भरणाऱ्यांचे गाऱ्हाणे उरलेच. आपल्या देशात याच्या उलट घडले. कॉफी मंडळाने कॉफीगृहे बंद करावयास घेतली, तेव्हा १९५७ पासून कामगारांनीच सहकारी संस्था काढून ती चालविली. दिल्लीस किंवा कलकत्त्यास बदली झालेल्या आपल्यापैकी कित्येकांना परक्या शहरात पहिला सोबती तेथल्याच टेबलावर भेटला असेल.

आपण बदलीची माणसे. गाव आपले नव्हे, असे म्हणून आपण कोणत्याच जागेचा भार घेत नाही आणि ती मोडली की हळहळतो. आमच्या मते, जो जागेसाठी झिजतो त्याचाच तिच्यावर हक्क पोचतो. त्या हिशेबात आपल्यापुढे पेला ठेवणारा हात आधी धरावा लागेल आणि मगच आपली खुर्ची.