तुझ्या घरी सांगू का?

शाळेच्या पालकसभेत परवा मुलांच्या मोबाइलचा विषय निघाला. एक आई म्हणाल्या, "आमच्याकडे सरळ हिशोब आहे. काही वावगं दिसलं की फोन जप्त. तिला पहिल्याच दिवशी बजावून ठेवलंय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र ते वाक्य घरी येईपर्यंत सोडेना. त्या मुलीने त्यातून काय घेतलं असेल ते उघड आहे: काही वावगं घडलंच, तर आईला कळता कामा नये.

अनोळखी माणसांशी बोलू नये, पासवर्ड देऊ नये, फोटो टाकण्याआधी विचार करावा, हे मुलांना आपल्यापेक्षा चांगलं पाठ आहे. ते उगाळत बसत नाही. मला काळजी आहे ती, नको ते घडून गेल्यावर मूल पहिल्या तासात कुणाकडे जातं याची.

ते घडतं कसं? गेमच्या चॅटमध्ये ओळख होते. समोरचा स्वतःचं वय पंधरा सांगतो. थोड्या दिवसांनी 'इन्स्टावर ये' म्हणतो, तिथून आणखी खासगी ॲपवर नेतो. आधी स्वतःचा म्हणून एक फोटो पाठवतो, मग मागतो. तो हाती लागला की सूर बदलतो. धमकीबरोबर एक स्क्रीनशॉट येतो, मुलाच्या फॉलोअर्सच्या यादीचा. त्यात मावशी, आतेभाऊ, क्लासचे सर. 'यांना पाठवू? तुझ्या घरी सांगू का?' मग पैशांची मागणी, नाहीतर आणखी फोटोंची. फोटो त्या माणसाने मिळवलेला असतो. पण मुलाला घरच्यांची वाटणारी धास्ती त्याला आयती मिळते, आणि ती आपण पुरवलेली असते.

म्हणून मी नेहमी एक भेद करते. काही उपाय मुलाला रोखतात, काही त्याला बोलतं ठेवतात. आठ वर्षांच्या मुलाला रोखायलाच हवं, त्यात वाद नाही. पण तेराव्या-चौदाव्या वर्षी रोखण्याच्या नादात मूल बोलायचंच थांबलं, तर आपण काय कमावलं?

माझे धाकटे दीर हे मानत नाहीत. त्यांनी लेकीच्या फोनमध्ये एक ॲप टाकलंय, तिचे मेसेज त्यांना दिसतात. लपवाछपवी नाही, तिलाही ते ठाऊक आहे. "समोरचा चाळिशीतला बाप्या आहे हे तिला कळणार नाही, मला दोन वाक्यांत कळेल," असं ते म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण आपलं सगळं वाचलं जातं हे माहीत असलेली मुलगी त्या फोनवर काय लिहील? बाबांनी वाचलं तरी चालेल तेवढंच. बाकीचं मैत्रिणीच्या फोनवरून, दुसऱ्या अकाउंटवरून. तिथे तिच्या सोबतीला कुणीच नसेल. मी हे बोलून दाखवलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "आणि विश्वास ठेवला की ती सांगेलच? वहिनी, तुम्ही सांगत होता घरी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मार बसेल या भीतीनेच मुलं गप्प राहतात, असं मी धरून चालले होते. पण ज्या बापाचा जीव आहे आपल्यावर, त्याच्या नजरेतून उतरण्याची भीती कमी असते का? प्रेमळ घरातल्या मुलाला तर सांगणं अधिकच जड जात असेल.

थोडं बाजूला जाते. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचं वडगाव आहे. 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बाजूला, मुलांनी अभ्यास करायचा. आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन समजावत होते. ही बातमी वाचली तेव्हा मी तिला रोखण्याच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते. आता तिच्यातलं दुसरंच काही दिसतं. भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो. आणि 'शेजारच्या घरात तर चालतं' हे भांडण कुठल्याही आईला एकटीने भांडावं लागत नाही. मुलांची काळजी गावाने मिळून अंगावर घेतली.

आपण बाकीचे ती एकट्या आईबापावर टाकतो. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती मागतो. हेतू चांगला आहे. पण कितीतरी घरांत फोन बापाचा, अकाउंटही त्याचंच, आणि ॲपच्या लेखी ते अकरा वर्षांचं पोर म्हणजे चाळीस वर्षांचा गृहस्थ! संमती मागायची कुणाच्या नावाने?

आता मला वाटतं, मुलाने आपल्यालाच सांगावं हा हट्ट आपण सोडावा. आपल्याला सांगता येत नसेल तर कुणाला सांगशील, हे त्यालाच विचारावं. मावशी असेल, मोठा मावसभाऊ असेल, शाळेतल्या बाई असतील. त्या माणसाला सांगून ठेवावं: आधी ऐकून घे, रागावू नकोस, मग दोघं मिळून आमच्याकडे या. काय करायचं हेही त्याला माहीत हवं. पैसे द्यायचे नाहीत, दिले की मागणी वाढते. संतापाच्या भरात चॅट किंवा ॲप उडवायचं नाही, तोच पुरावा असतो. स्क्रीनशॉट घेऊन मगच ब्लॉक करायचं. पैसे गेले असतील तर लगेच 1930, मुलाच्या मदतीसाठी 1098, आणि तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर. 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा फोटोचा डिजिटल ठसा मुलाच्या फोनवरच तयार करते आणि सहभागी कंपन्यांना फक्त तो ठसा देते. फोटो कुणाला दाखवावा लागत नाही. घराण्याची बदनामी होईल म्हणून पोलिसांकडे न जाणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की पॉक्सो कायद्याखाली मुलाची ओळख गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

आणि विचारल्यावर मुलाने दुसऱ्याच कुणाचं नाव घेतलं, तर वाद न घालता त्या माणसाला आजच फोन करावा.