ओढणी बाजूला करून बघितलंत का?

वह्या मिटा. आज लिहून घ्यायचं काही नाही, ऐकायचं आहे.

गुरुवारी लसीकरणाच्या ओपीडीत तुमच्यापैकी चौघी टेबलाशी उभ्या होत्या. दीड महिन्याचं बाळ पहिल्या पेंटाव्हॅलंटसाठी आलेलं, आईच्या अंगावर स्लिंगमध्ये, वरून ओढणी. एकीने कार्ड भरलं. दुसरीने लस काढली. तिसरी म्हणाली, "किती शांत आहे हो तुमचं बाळ!" चौथीने स्लिंग कुठून मागवलं ते विचारून घेतलं. ओढणी बाजूला करून बाळाचं तोंड मात्र एकीनेही बघितलं नाही. मी बघितलं तेव्हा हनुवटी छातीत इतकी रुतली होती की गळा दिसत नव्हता. नाक आईच्या कुर्त्यात दाबलेलं, कपाळावर घाम, आणि प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा बारीक आवाज. बाहेर काढून मान सरळ केली, त्याने भोकाड पसरलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. आणि तुम्ही काय म्हणालात? "मॅडम, झोपलं होतं ना ते."

कशावरून झोपलं होतं? श्वास मोजलात? ओठांचा रंग बघितलात? आवाज येत नाही म्हणजे झोप, हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?

मुलींनो, गुदमरणारं तान्हं बाळ आरडाओरडा करत नाही. ओरडायला छातीत हवा लागते, आणि तीच बंद झालेली असते. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढं असतं, त्याचा मागचा भाग फुगीर, आणि ते तोलून धरायला मानेत ताकद नसते. टेकू चुकला की डोकं आपसूक पुढे पडतं. श्वासनळी अरुंद आणि मऊ. बागेतली रबरी नळी दुमडली की पाण्याची धार थांबते, तसं हनुवटी छातीला टेकली की हवेचं होतं. दुसरा धोका कापडाचा. नाक आणि तोंड कापडात किंवा आईच्या अंगात दाबलं गेलं, तर ज्या बाळाला मान वळवून तोंड बाजूला करता येत नाही ते एक-दोन मिनिटांत हातचं जाऊ शकतं. कधी हे इतकं झटपट होत नाही. नाकापुढे कापड असतं, मान अर्धवट दुमडलेली असते, बाळ आपलाच सोडलेला श्वास परत घेत राहतं आणि प्राणवायू कमी होत जातो. या सगळ्या वेळात आई बाजारात भाजी घेत असते. बाळाची ऊब तिला पोटाशी जाणवत असते, म्हणून तिला वाटतं सगळं ठीक आहे. तिला मी दोष देणार नाही, कारण तिला कोणी सांगितलेलंच नाही. तुम्हाला सांगितलेलं आहे.

आणि हे माझ्या मनचं नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये स्लिंगबद्दल जाहीर इशारा दिला. आधीच्या वीस वर्षांत स्लिंगशी संबंधित किमान १४ मृत्यू त्यांच्यापुढे आले होते, आणि त्यांतली १२ बाळं चार महिन्यांहून लहान होती. त्याच महिन्यात इन्फँटिनो कंपनीची दहा लाखांहून जास्त स्लिंग परत मागवण्यात आली. ती खोलगट पिशवीच्या घडणीची होती. बाळ आत आडवं, अंगाची कमान, डोकं पुढे. पुढे तिथे स्लिंगसाठी सक्तीचं मानक आलं, ते २०१८ च्या जानेवारीअखेर लागू झालं. बारा बाळं चार महिन्यांच्या आतली, हे परत एकदा मनात घोळवा. आपल्या टेबलाशी सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला जी बाळं येतात, तीच ही. सगळ्यांत जास्त धोक्याच्या वयात बाळ तीनदा तुमच्या हाताखालून जातं, आणि तुम्ही मांडी शोधून सुई टोचून मोकळ्या होता.

आता केएमसीचं, म्हणजे कांगारू मदर केअरचं बोलू. लेखी परीक्षेत तुम्ही सगळ्यांनी त्यावर दीड-दीड पान लिहिलंत. बोगोटा, १९७८, डॉक्टर एडगर रे, इन्क्युबेटर कमी पडत होते म्हणून बाळ आईच्या छातीलाच बांधायची युक्ती. २०२१ चा अभ्यासही लिहिलात, ज्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. एक किलो ते एक किलो ८०० ग्रॅमपर्यंतची बाळं जन्मल्यापासूनच आईच्या त्वचेला लावून ठेवली, तर २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांऐवजी १२ टक्के झाले. मार्क दिले मी, भरभरून दिले. त्याच उत्तरात बाळ कसं ठेवायचं तेही होतं. बाळ उभं, डोकं एका बाजूला वळवलेलं, मान किंचित मागे, मांड्या फाकलेल्या, कापडाची वरची कड कानाच्या खालीच. मान किंचित मागे का, हा प्रश्न तुमच्यातल्या कितीजणींना पडला? श्वासाची वाट मोकळी राहावी म्हणून. हे वॉर्डातल्या बाळाला लागू आणि ओपीडीतल्या बाळाला नाही, असं कुठे लिहिलंय? वॉर्डात डॉक्टर राउंडला येतात म्हणून तुम्ही दर थोड्या वेळाने मान बघता. ओपीडीत तुम्हाला बघणारं कोणी नसतं, म्हणून बाळाकडेही कोणी बघत नाही. खरं की नाही?

आणखी एक गोष्ट मला खुपते, ती आज बोलूनच टाकते. ऊसतोडीच्या टोळीतली बाई तान्हं मूल झोळीत घेऊन आली की तुमची जीभ कशी चालते! "असं आणतात का बाळाला? काही कळतं की नाही तुम्हाला?" आणि पाच हजारांचं कॅरिअर घालून गाडीतून उतरलेली बाई आली की तुम्ही खुर्ची पुढे करता. बाळाच्या श्वासनळीला कापडाची किंमत कळत नाही. झोळीत पाठ वाकून हनुवटी छातीवर आली तर जे होतं, तेच महागातल्या कापडात होतं. त्या ऊसतोड बाईकडे फडात बाळ ठेवायला दुसरी जागा नसते. तिला ओरडून काही साधत नाही. तिच्यासमोर बसा, झोळी कशी ताणायची, तोंड उघडं कसं ठेवायचं ते तिच्याच हाताने तिला करून दाखवा. आणि गाडीतून उतरलेल्या बाईलाही तेवढ्याच ठामपणे सांगा, की हे असं बांधू नका, हे सोडा, परत बांधू.

परवा एकीने मला विचारलं, "मग मॅडम, स्लिंग वापरूच नका म्हणून सांगायचं का?" नाही. ही पळवाट झाली. बाळ छातीशी असलं की आईचे हात मोकळे राहतात, बाळाला ऊब मिळते, दूध पाजणं सोपं जातं. 'नको' म्हणून हात झटकले की ती दाराबाहेर जाऊन पुन्हा तसंच बांधेल, आणि यावेळी तुम्हाला न विचारता. बांधायला शिकवणं हे तुमचं काम आहे.

ब्रिटनमधल्या स्लिंग बनवणाऱ्या-विकणाऱ्यांनी पाच गोष्टींची एक साधी पडताळणी ठरवली आहे. कापड घट्ट, बाळ नजरेसमोर, मान वाकवून डोक्याचा पापा घेता येईल इतकं वर, हनुवटी छातीपासून सुटी, पाठीला आधार. चार गोष्टी बघून समजतात. हनुवटीला मात्र हात लावावा लागतो. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये तुमचं बोट सहज गेलं पाहिजे. गेलं नाही, तर बाळ बाहेर. आईला वाईट वाटेल, मागे रांग खोळंबेल, सिस्टर ओरडतील, याचा विचार त्यावेळी करायचा नाही.

स्लिंगमध्येच दूध पाजलं असेल तर बाळ बऱ्याचदा खाली आणि आडवं सरकलेलं असतं. पाजून झाल्यावर त्याला परत वर, उभं घ्यायला सांगा. हे आया हमखास विसरतात. अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं किंवा सर्दीने नाक चोंदलेलं बाळ असेल तर आधी डॉक्टरांना दाखवायला लावा, बांधाबांध नंतर. पाय सरळ लोंबकळत असतील तर खुब्यांसाठी ते चांगलं नाही, गुडघे ढुंगणापेक्षा वर हवेत. गॅसपुढे बाळ अंगावर नको. उन्हाळ्यात वरून दुसरं कापड तर मुळीच नको.

आणि दुचाकी. स्लिंगमध्ये बाळ, आई मागे बसलेली, बाप गाडी चालवतोय, हे आपल्या फाटकातून रोज आत येतं आणि रोज बाहेर जातं. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम काढला. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर सेफ्टी हार्नेस, नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेटही, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. स्लिंग म्हणजे तो हार्नेस नव्हे. गाडी पडली की आईच्या अंगाखाली पहिलं बाळ येतं. हे फाटकाशी उभं राहून, बापाच्या डोळ्यांत बघून सांगायचं. शिकलेल्या माणसाला हे काय सांगायचं, असं मला कोणी म्हणू नका.

सोमवारपासून ओपीडीच्या दाराशी रोज दोघी उभ्या राहतील. ड्यूटीची यादी फलकावर लावली आहे. बाळ अंगावर बांधून आलेल्या प्रत्येक आईला तिथेच थांबवायचं. तिची परवानगी घेऊन कापड सारायचं, तोंड बघायचं, हनुवटीखाली बोट घालायचं, श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, आणि मगच कार्ड मागायचं. मोजलेला आकडा रजिस्टरमध्ये तुमच्या सहीने लिहायचा. संध्याकाळी ते रजिस्टर मी बघेन. अंदाजाने टाकलेले आकडे मला ओळखता येतात.

आता चौघी-चौघी पुढे या. टेबलावर बाहुल्या आहेत, एक सुती साडी आहे, एक रिंग स्लिंग आणि एक बकलांचं कॅरिअर. गुरुवारच्या चौघी आधी. बांधा, आणि मी बोट घालून बघेपर्यंत कोणी मागे सरकायचं नाही.