हन्नेचे शब्द, मरीयेच्या ओठी



मरीया अलीशिबेच्या घरी पोहोचली, तेव्हा तिच्या तोंडून निघालेलं स्तोत्र लूकच्या पहिल्या अध्यायात आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली हन्नेची प्रार्थना त्याच्या शेजारी ठेवून वाचा. बलवंतांचा पाडाव, भुकेल्यांची तृप्ती, दीनांचा उद्धार, सारं तेच! शतकांपूर्वीच्या एका आईचे शब्द मरीयेला पाठ असणार, असं मला मनापासून वाटतं. म्हणून तर त्या घडीला तिला शब्द शोधावे लागले नाहीत.

आपल्या पंडिता रमाबाईंना आईनं संस्कृत शिकवलं, भागवत मुखोद्गत करून घेतलं. पुढे त्याच रमाबाईंनी साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्या कामाला त्यांनी वाहून घेतलं होतं.

साताऱ्याकडे उसाच्या फडात असताना, मिरजेच्या दवाखान्यात रात्रपाळी करताना पुस्तक उघडायला हात मोकळा नसतो. पाठ केलेलं वचन मात्र जवळ असतं. पण घाईनं घोकू नका. आधी अर्थ लावा, मग एकच वचन मोठ्यानं म्हणा. ११९वं स्तोत्र १७६ वचनांचं, तरी मूळ हिब्रूत ते वर्णमालेच्या क्रमानं, आठ-आठ वचनांत बांधलेलं आहे. तसं थोडं थोडंच घ्यावं.

मरीयेचं स्तोत्र तर दहाच वचनांचं. आज ४६वं, उद्या ४७वं. रात्री सासूबाईंना नाहीतर लेकीला म्हणून दाखवा. चुकलं तर त्या सांगतील.