संशयाचा फायदा कुणाला?

महिन्याचे धान्यवाटप सुरू झाले की परभणी जिल्ह्यातल्या स्वस्त धान्य दुकानांसमोर एक शब्द पुन्हापुन्हा कानी येतो: 'थम'. 'थम लागला का?' 'नाही, थम येत नाही.' इंग्रजांचा हा शब्द आपल्या आयाबहिणींनी केव्हाच मराठी करून टाकला. थम लागला तर प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. थम लागला नाही तर पुन्हा रांग, पुन्हा उद्या. या साध्या 'नाही'मागे एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. माणूस म्हणतो, 'मी तोच आहे'. यंत्र म्हणते, 'जुळत नाही'. अशा वेळी आपण कुणाची साक्ष मानायची?

अंगठ्याचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारनाम्यावर घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी उघडली. तिथे काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांची १०२४ कप्प्यांत वर्गवारी करण्याची पद्धत उभी केली. जगात ती त्यांच्या वरिष्ठाच्या, हेन्रीच्या नावाने चालली. पुढे २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, पहिला आधार क्रमांक दिला गेला. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्याला वर काय लिहिले आहे ते वाचता येत नसे. आज पडद्यावर काय उमटले ते वाचता न येणारे हातच त्या यंत्रावर टेकतात. अंगठेबहाद्दर तेव्हाही दुसऱ्याच्या वाचनावर अवलंबून होता, आजही आहे.

आता यंत्राची बाजू पाहू. ते माणूस ओळखत नाही. आधी घेतलेला ठसा आणि आताचा ठसा यांत साम्य किती, एवढेच ते मोजते. किती साम्याला 'जुळले' म्हणायचे, ती रेघ माणसाने आखून दिलेली असते. रेघ खाली आणली तर एखादा तोतया आत शिरतो. वर नेली तर खरा हक्कदार बाहेर राहतो. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणता येत नाहीत. म्हणून रेघ कुठे आखायची हा निर्णय वरून तांत्रिक दिसला तरी आतून नैतिक आहे. कोणती चूक आपल्याला अधिक सोसवते, हे त्यात ठरते.

यंत्र घडवणाऱ्याच्या मनात वापरणाऱ्या माणसाची एक प्रतिमा असते. त्या प्रतिमेच्या बोटांवरच्या रेषा स्पष्ट असतात आणि जवळच्या मोबाइलला रेंजही असते. आमच्या जिल्ह्यातले हात वेगळे आहेत. मानवत-पाथरीकडे कापूस वेचणारे हात, गंगाखेड-पालमकडून ऊसतोडीला जाणारे हात, वीटभट्टीवरचे, धुण्याभांड्यांचे, सत्तरी ओलांडलेले हात. कष्टाने आणि वयाने रेषा झिजतात. प्रतिमा आणि माणूस यांतल्या या अंतराची किंमत माणूसच भरतो.

परभणीकराला हे समजावून सांगावे लागू नये. १९७२ पासून आपल्याकडे कृषी विद्यापीठ आहे. 'परभणी क्रांती' भेंडी किंवा 'परभणी मोती' ज्वारी ही तिथलीच देणगी. कुठलाही वाण एका प्रक्षेत्रावर चांगला आला म्हणून लगेच शेतकऱ्याच्या ओटीत टाकत नाहीत. वेगवेगळ्या जमिनीत, वेगवेगळ्या हंगामांत तो पारखून घेतात. बियाण्याच्या बाबतीत आपण जी सावधगिरी बाळगतो, ती माणसाच्या ओळखीच्या बाबतीत का बाळगू नये?

यंत्राविरुद्ध सरसकट बोलणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. यंत्राआधी बोगस कार्डे होती, न उचललेले धान्य परस्पर उचलल्याच्या नोंदी होत्या. दुकानदाराची मर्जी सांभाळावी लागे. यंत्र नाव ऐकून कपाळाला आठ्या घालत नाही, मोहल्ला विचारत नाही. ज्यांनी आठ्या पाहिल्या आहेत त्यांना या निर्विकारपणाचे मोल कळते. पण सर्वांना एकच माप लावणे म्हणजे न्याय, असे होत नाही. हात सारखे नसतील तर सारख्या मापातूनही अन्याय घडतो.

पडद्यावरच्या शब्दाला आपण काय अर्थ देतो, हाही प्रश्न आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडीच राहिली. नियंत्रण कक्षातल्या दिव्यावरून ती बंद झाली असे कर्मचाऱ्यांना वाटले. वास्तविक तो दिवा झडपेला बंद होण्याचा आदेश गेला, एवढेच सांगत होता. दोन तासांहून अधिक काळ पाणी निसटत राहिले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. दुकानातही तसेच होते. यंत्र सांगते, 'ठसा जुळला नाही'. आपण ऐकतो, 'ही ती बाई नव्हे'. पिढ्यान्‌पिढ्या तिला ओळखणारा दुकानदारही मग डोळ्यांदेखतची साक्ष बाजूला ठेवतो आणि यंत्राकडे बोट दाखवतो. यंत्र सर्व्हरकडे, तालुका मुंबईकडे. जबाबदारी कुणाच्याच पदरात पडत नाही.

न्यायाची रीत याहून निराळी आहे. न्यायालय संशयाचा फायदा आरोपीला देते. फिकहचाही जुना नियम आहे की शंका असेल तिथे हदची शिक्षा टळते. आरोप असलेल्याला आपण जे देतो, ते भुकेल्याला का नाकारतो? तोतया शिरला तर सरकारचे काही किलो धान्य जाते. खरा माणूस परतला तर त्याच्या घरची चूल थंड राहते. या दोन चुका एका तराजूत समान भरत नाहीत. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने आधारची योजना मान्य केली, पण ठसा जुळला नाही म्हणून हक्कदाराला वंचित ठेवू नये, असेही बजावले. ओटीपी, डोळे, चेहरा अशा पर्यायी वाटाही आहेत. मात्र त्याही यंत्रातूनच जातात, आणि ओटीपीसाठी नोंदवलेला मोबाइल हाताशी असावा लागतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, शंका आली तर धान्य आधी द्यावे, तपास नंतर करावा. दोन शेजाऱ्यांच्या साक्षीने नोंदवहीत सही घ्यावी आणि पुढची चौकशी कचेरीने करावी. आज आपल्या मोहल्ल्यांतली मुले-मुली अभियंते होत आहेत. उद्या अशी यंत्रे तीच घडवतील. ती रेघ आखताना त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा: आपली चूक झालीच, तर ती कुणाच्या ताटातून वजा होणार आहे?