नित्यकर्म आणि हवेची नोंदवही

नित्य, नैमित्तिक आणि काम्य हे कर्माचे भेद आपल्या वाचकांस परिचित आहेतच. काम्य कर्मामागे इष्ट फळाची अपेक्षा असते. नित्यकर्माची गोष्ट निराळी. ते केल्याने वेगळे पुण्य जोडले जात नाही, मात्र न केल्यास प्रत्यवाय लागतो, असा विचार मीमांसकांमध्ये आढळतो. मला हा विचार बरीच वर्षे एखाद्या कवडीचुंबक सावकाराच्या हिशेबासारखा वाटे. भरले तर जमा नाही. चुकले तर मात्र नावे! पुढे एका शास्त्रीय नोंदवहीची हकीकत वाचली आणि या हिशेबाकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो.

हवाई बेटावरील मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे 3,400 मीटर उंचीवर, चार्ल्स डेव्हिड कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने मार्च 1958 पासून हवेतील कर्बवायू, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड, मोजावयास आरंभ केला. तेव्हा त्याचे वय एकोणतीस होते. पहिला आकडा निघाला दशलक्ष भागांत 313. उत्तर गोलार्धात झाडे पालवली की वायू उतरतो, पाने गळून कुजली की चढतो. जणू पृथ्वी वर्षातून एकदा श्वास घेते आणि सोडते. परंतु दर वर्षीचा श्वास मागच्यापेक्षा थोडा वरच्या पायरीवर थांबतो, हे कळावयास अनेक वर्षे नोंद ठेवावी लागली. आज तो आकडा 420 च्या वर गेला आहे. कोळसा आणि खनिज तेल जाळल्याचा हा परिणाम. (नंदादीपाच्या तेलातील कर्ब झाडाने नुकताच हवेतून घेतलेला असतो, कोळशातला कोट्यवधी वर्षे भूमीत पुरलेला, हा भेद ध्यानात घ्यावा.)

एका दिवसाच्या आकड्याला स्वतःचे मोल जवळजवळ नसते. पण तो चुकला तर? 1964 साली पैशाअभावी मौना लोआचे काम काही आठवडे बंद पडले, आणि तेथील आलेखात ती फट आजही दिसते. आपल्या जवळचे उदाहरणही आहे. गोव्यात काणकोण तालुक्यात समुद्रात शिरलेले काबो द रामा हे भूशिर आहे. वनवासात श्रीरामाचे तेथे वास्तव्य होते, अशी लोकांची श्रद्धा आहे. तेथे 1993 पासून काचेच्या पात्रांत हवा भरून ती ऑस्ट्रेलियातील प्रयोगशाळेकडे पाठवीत असत. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा दक्षिण गोलार्धाकडची स्वच्छ सागरी हवा आणी. हिवाळ्यात वारा फिरून आपल्याच देशाचा धूर तेथे पोहोचे. 2002 नंतर हे काम थांबले आणि काही वर्षांनी पुन्हा सुरू झाले. ध्रुवप्रदेशीच्या बर्फात जुन्या हवेचे बुडबुडे सापडतात खरे, पण ते फार मोठ्या काळाचा ठोकळ हिशेब देतात. काबो द रामाचा 2004 चा श्रावण त्यांत सापडणार नाही.

कोणी म्हणेल, मोजल्याने धूर थोडाच कमी होतो? नाहीच होत. वैद्याने नाडी पाहिली म्हणून ज्वर उतरत नाही. तरी नाडी न पाहता औषध देणाऱ्यास आपण वैद्य म्हणत नाही.

आमच्या देवळात सोमवारखेरीज क्वचितच कोणी येते. गेल्या पावसाळ्यात वडील परगावी असता एके दिवशी मी पूजा चुकविली, दुसऱ्या दिवशी दोन वेळा अभिषेक केला, आणि ते आल्यावर त्यांना तसे सांगितले. रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, "आजचे दोन झाले. कालचा कुठे झाला?" तेव्हा मी उत्तर दिले नाही, आणि आजही मजपाशी उत्तर नाही.

कीलिंग 2005 साली वारले. पुढे ती नोंद त्यांचे चिरंजीव राल्फ कीलिंग यांनी चालविली आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये ज्वालामुखी जागा झाला, लाव्ह्याने वाट आणि वीज दोन्ही तोडली. तेव्हा शेजारच्या मौना केआ शिखरावर यंत्र मांडून मोजणी पुढे चालू ठेवण्यात आली. वडिलांना आता गुडघ्यांमुळे देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत. पूजेची जबाबदारी मी घेणार की नाही, हे त्यांनी मला अद्याप विचारलेले नाही.