अडते कोणाचे?

परभाषेतले काही शब्द नुसता अर्थ सांगून थांबत नाहीत. ते आपल्यालाच प्रश्न विचारू लागतात. जपानीतला 'फुजियू' हा त्यांपैकी एक. 'जियू' म्हणजे स्वातंत्र्य आणि 'फु' हा नकार. गैरसोय, चणचण, असमर्थता असे त्याचे अर्थ होतात. अंध माणसाला जपानी लोक 'डोळ्यांनी फुजियू' म्हणतात. आणि ज्याला पैशाची ददात नाही, तो 'पैशाने फुजियू नाही.' उणीव दृष्टीची असो, पैशाची असो की भाषेची, शब्द एकच.

हा विचार आपल्याला अगदीच परका नाही. 'आजोबांचे पाय आता स्वाधीन नाहीत' असे आपण सहज म्हणतो. पायांवरची सत्ता गेली, आजोबा उणे झाले नाहीत. उलट 'पांगळा' म्हटले, की व्यंग हेच माणसाचे नाव होऊन बसते.

झरी जामणीचेच उदाहरण घ्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या या तालुक्यात कोलामांच्या वस्त्या आहेत. त्यांना पोड म्हणतात. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. मराठीशी तिचे नाते शेजाराचे, रक्ताचे नव्हे. घरी केवळ कोलामी ऐकलेले पोर मराठी शाळेत गप्प बसले, तर आपण म्हणतो, 'याला काही येत नाही.' पण कोलामी न येणाऱ्या गुरुजींचे काय? फुजियू तर दोघेही. मठ्ठपणाचा शिक्का मात्र एकाच्याच कपाळी!

कोणी म्हणेल, शब्द बदलल्याने पाय चालू लागत नाहीत. खरे आहे. मऊ शब्दाआड कठोर मनही लपू शकते. पण आपण कुठे शोधायचे, हे शब्द ठरवतो. 'याच्यात काय कमी आहे?' असे विचारले, की बोट माणसाकडे जाते. 'याचे कशाने अडते?' असे विचारले, की दारातली उंच पायरी दिसते, न कळणारे पुस्तक दिसते, आणि कधी कधी वाटेत उभे असलेले आपणही दिसतो. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यानेही व्याख्या करताना शरीराच्या उणिवेबरोबर भोवतालचे अडथळे जमेस धरले आहेत.

दुसऱ्याचे पाय स्वाधीन करून देणे आपल्या हाती नसेल. पायरी उतरती करणे असते. गुरुजी कोलामीतले चार शब्द शिकले, तर मोकळे कोण होईल, पोर की गुरुजी? आम्हांला वाटते, दोघेही.