तपासणी आणि वैद्याचा धर्म
सोलापुरातले विडी आणि यंत्रमाग कामगार आधी गाठतात तो गल्लीतला फॅमिली डॉक्टर. त्याच्याकडे खाटा नसतात, म्हणून 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम तिथे पोहोचत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम मात्र लागू होतात. वापरलेली सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात पडली का, हे निरीक्षकाला दिसते. रोग्याचे नीट ऐकून घेतले का, हे कसे दिसणार? सुश्रुतसंहिता वैद्याकडून राजाची अनुज्ञा, कापलेली नखे, शुभ्र वस्त्रे मागते आणि त्यांच्याच जोडीला निष्कपटपणा व भूतमात्रांशी बंधुभावही. सुई निर्जंतुक आहे का, हे तापाने फणफणलेल्या माणसाला कळत नाही. त्याच्या वतीने ते पाहणे हेही धर्मकार्यच, त्यात डॉक्टरचा अपमान नाही. निष्कपटपणाची पारख मात्र वर्षानुवर्षे येणाऱ्या रोग्यांकडेच राहते.